हार्वी कर्ट्झमन: 'मॅड'चा पहिला संपादक आणि त्याच्या युद्धकथा

शाईचा_डाग

'मॅड' या अमेरिकन विनोदी मासिकाचं नाव घेतलं की मुखपृष्ठावरचा दात पडलेला, कान पसरलेला आल्फ्रेड न्यूमन बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो. पण ते मासिक ज्याने सुरू केलं, ज्याने पहिले २८ अंक संपादित केले आणि त्यातले पहिले २३ जवळजवळ एकहाती लिहिले, त्या हार्वी कर्ट्झमनबद्दल मराठीत वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कर्ट्झमनचा विनोद समजून घ्यायचा तर 'मॅड'च्या आधी त्याने केलेल्या युद्धकथा वाचाव्या लागतात. विनोदी लेखक आणि युद्धकथांचा संपादक ही दोन माणसं नाहीत. एकच माणूस एकच काम दोन प्रकारे करत होता.

जन्म ३ ऑक्टोबर १९२४, ब्रुकलिन. तो चार वर्षांचा असताना वडील गेले. आईला घर चालवणं इतकं अवघड झालं की हार्वी आणि त्याच्या भावाला काही काळ अनाथाश्रमात राहावं लागलं. पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि कुटुंब ब्रॉन्क्समध्ये आलं. तिथे हा मुलगा फुटपाथवर खडूने चित्रकथा काढायचा आणि आजूबाजूची पोरं पुढचा भाग बघायला यायची. न्यूयॉर्कच्या 'हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट'मध्ये त्याला विल एल्डर, अल जॅफी, जॉन सेव्हरिन भेटले. पुढच्या चाळीस वर्षांतली निम्मी मंडळी इथेच जमली होती. १९४३ मध्ये सैन्यात भरती झाला, पण परदेशी आघाडीवर जायची वेळ आली नाही. परत आल्यावर 'टाइमली'साठी (पुढे तीच 'मार्व्हल' झाली) 'हे लुक!' नावाची एकेका पानाची विनोदी चित्रं केली. तेव्हा तिथला संपादक होता स्टॅन ली.

आता खरी गोष्ट. १९५० च्या सुमारास तो बिल गेन्सच्या 'ईसी' प्रकाशनात आला. गेन्सची भयकथांची मासिकं जोरात खपत होती. कर्ट्झमनला भयकथा आवडत नव्हत्या. त्याने 'टू-फिस्टेड टेल्स' हाती घेतलं आणि १९५१ मध्ये 'फ्रंटलाइन कॉम्बॅट' सुरू केलं. कोरियात युद्ध चालू होतं. बाजारातली बाकीची युद्धचित्रं म्हणजे हसतमुख अमेरिकन जवान आणि राक्षसासारखे रंगवलेले शत्रू. दहा-बारा वर्षांची मुलं हे वाचत होती आणि त्यातली काही थोड्याच वर्षांत खरोखर सैन्यात जाणार होती. कर्ट्झमनला हे सहन होत नव्हतं. मुलांना युद्ध दाखवायचंच असेल तर जसं असतं तसं दाखवायचं, एवढं त्याने ठरवलं.

त्यासाठी त्याने घेतलेले कष्ट बघून मी थक्क होतो. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात तो दिवसच्या दिवस बसायचा. बचाव विमान आतून कसं दिसतं हे कळावं म्हणून स्वतः त्या विमानातून जाऊन आला. साहाय्यक जेरी डेफुचिओला पाणबुडीत पाठवलं. हे सगळं दहा सेंटला मिळणाऱ्या आणि वाचून झाल्यावर फेकून दिल्या जाणाऱ्या चित्रकथेसाठी!

१९५२ च्या सुरुवातीला आलेली 'कॉर्प्स ऑन द इम्जिन' ही कथा त्याने लिहिली आणि चित्रंही स्वतःच काढली. कोरियातल्या इम्जिन नदीकाठी एक अमेरिकन सैनिक बसला आहे, समोरून एक प्रेत वाहत चाललंय. आता लढाई दुरून होते, हातघाईची वेळ येतेच कुठे, असं काहीसं त्याच्या मनात चाललंय. तेवढ्यात शत्रूचा एक सैनिक त्याच्यावर झेपावतो. झटापट, चिखल, पाणी. शेवटी तो अमेरिकन त्या माणसाचं डोकं पाण्याखाली दाबून धरतो, बुडबुडे थांबेपर्यंत. कुठे जयघोष नाही, झेंडा नाही. पहिल्या प्रेताच्या मागे दुसरं वाहायला लागतं. युद्ध चालू असताना, त्याच युद्धावर, मुलांच्या मासिकात हे छापलं गेलं.

मग 'मॅड' कुठून आलं? पैशातून. 'ईसी'त कामाचा मोबदला पानांच्या आणि अंकांच्या हिशेबाने मिळायचा. दुसरा संपादक अल फेल्डस्टीन भराभर लिहायचा, त्याच्याकडे मासिकं जास्त, त्याची कमाई जास्त. कर्ट्झमनचा वेळ संशोधनात जायचा. घरी बायको एडेल, संसार. त्याने जास्त पैसे मागितले, तेव्हा उत्पन्न वाढवायला तिसरं मासिक काढायचं ठरलं. विनोदाला ग्रंथालयात जावं लागत नाही, लवकर होईल, हा हिशेब. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९५२ चा पहिला अंक आला. चित्रकार वॉली वुड, विल एल्डर, जॅक डेव्हिस, जॉन सेव्हरिन.

काम लवकर होणं मात्र त्याला जमलं नाही. विनोदातही तो तेवढाच खोल शिरला. पहिले अंक तोट्यात गेले. १९५३ च्या चौथ्या अंकात 'सुपरड्युपरमॅन' आलं, वॉली वुडच्या चित्रांसह, आणि 'मॅड' उचललं गेलं. त्यात वर्तमानपत्रातला एक किरकोळ नोकर, क्लार्क बेंट, महाबली असतो. पण शेवटी आपलं खरं रूप दाखवूनसुद्धा त्याला आवडणारी मुलगी त्याला झिडकारते, कारण माणूस म्हणून तो आधी होता तसाच असतो. शिवाय त्यात सुपरमॅन आणि कॅप्टन मार्व्हल यांच्या प्रकाशकांमधल्या कोर्टकज्ज्यावर थेट बोट ठेवलेलं होतं. युद्धकथेत तो विचारत होता, खरा सैनिक असा असतो का? इथे तो विचारतोय, एवढी ताकद असलेला माणूस खरोखर असा वागेल का? प्रश्न तोच आहे.

पुढे 'मिकी रोडंट' आलं. त्यात डिस्नेच्या गोंडस जगात हातमोजे घातलेच पाहिजेत अशी सक्ती आहे आणि उंदराच्या मनात बदकाबद्दल असूया धुमसते आहे. 'स्टार्ची' आलं, त्यात 'आर्ची' या शाळकरी पोरांच्या लोकप्रिय चित्रकथेतली पोरं खऱ्या शाळेतल्यासारखी बिघडलेली. एका अंकाचं मुखपृष्ठ हुबेहूब शाळेच्या वहीसारखं होतं, वर्गात वाचताना पकडले जाऊ नये म्हणून! एल्डर प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात बारीक बारीक विनोद भरून ठेवायचा. वाचक पुन्हा पुन्हा त्याच पानावर यायचे.

१९५४ मध्ये चित्रकथांमुळे मुलं गुन्हेगार होतात या आरोपावरून सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. २१ एप्रिलला गेन्सची साक्ष झाली आणि ती त्याच्यावरच उलटली. त्याच वर्षी प्रकाशकांनी 'कॉमिक्स कोड' ही चित्रकथांसाठीची नियमावली आणली. 'ईसी'ची भयकथांची मासिकं बंद पडली. 'मॅड' वाचलं, कारण जुलै १९५५ च्या २४ व्या अंकापासून ते मोठ्या आकाराचं, २५ सेंटचं मासिक झालं आणि मासिकांना कोड लागू नव्हता. पण तो बदल कोड चुकवायला झालेला नाही. कर्ट्झमनला दुसरीकडे नोकरी मिळत होती, त्याला थांबवण्यासाठी गेन्सने मोठ्या मासिकाची त्याची जुनी इच्छा पुरी केली. आता तो जाहिरातींची विडंबनं करू लागला, अगदी खऱ्या जाहिरातीसारखी दिसणारी, तीच मांडणी, तोच गोड सूर.

१९५६ मध्ये त्याने गेन्सकडे कंपनीचे ५१ टक्के समभाग मागितले. गेन्सने नकार दिला. कर्ट्झमन बाहेर पडला, आणि डेव्हिस, एल्डर त्याच्यासोबत गेले. फेल्डस्टीन संपादक झाला.

पुढचं आयुष्य प्रतिसादांत बोलू. तुमची मतं वाचायला उत्सुक आहे.

---

रानवारा

फार सुंदर लेख. कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवर 'मॅड'चे जुने अंक मिळायचे, मुखपृष्ठ फाटलेले, आतली पानं शाबूत. तेव्हापासून मी वाचक आहे. पण म्हणूनच एक शंका. आम्ही ज्या 'मॅड'वर प्रेम केलं त्यातलं बरंचसं कर्ट्झमननंतरचं. 'स्पाय व्हर्सेस स्पाय' ही दोन हेरांची चित्रमालिका १९६१ ची. जॅफीचं पान दुमडून बघायचं चित्र १९६४ चं. चित्रकार डॉन मार्टिन फेल्डस्टीनच्या काळातला. खप वीस लाखांच्या वर गेला तो १९७४ मध्ये. मग 'मॅड' कर्ट्झमनचं की फेल्डस्टीनचं? मला वाटतं, फेल्डस्टीनवर अन्याय होतोय.

---

शाईचा_डाग

रानवारा, शंका रास्त आहे. फेल्डस्टीनने जवळजवळ तीन दशकं मासिक वेळेवर काढलं आणि ते घराघरांत नेलं, त्याचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण आल्फ्रेडचंच बघा. तो चेहरा फार जुना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोस्टकार्डांवर, जाहिरातींत फिरत होता. कर्ट्झमनला तो एका पोस्टकार्डावर दिसला आणि त्याने 'मॅड'मध्ये आणला. त्याचं नाव पक्कं करून त्याला मुखपृष्ठावर कायमचा बसवला तो फेल्डस्टीनने, १९५६ च्या अखेरीस. दोघांचा वाटा असा आहे. फेल्डस्टीनच्या 'मॅड'मध्ये सदरं ठरलेली होती, वाचकाला काय मिळणार ते माहीत असायचं. कर्ट्झमनच्या 'मॅड'मध्ये पुढच्या पानावर काय असेल याचा भरवसा नव्हता. मला दुसरं जास्त प्रिय आहे.

---

मुद्रणमित्र

मी बरीच वर्षं एका नियतकालिकाच्या निर्मितीचं काम पाहिलं आहे, त्यामुळे ५१ टक्क्यांच्या प्रकरणात मला गेन्सची बाजू मांडावीशी वाटते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की संपादक म्हणजे मासिकाचा जीव, मग मालकी त्याचीच हवी. पण त्याआधीच्या दोन वर्षांत गेन्सवर काय गुजरलं होतं ते लक्षात घ्या. सिनेटपुढे अपमान झाला. एकेक मासिक बंद पडत गेलं. त्यात १९५६ च्या सुरुवातीला वितरक 'लीडर न्यूज' दिवाळखोरीत गेला. वितरक बुडतो तेव्हा विकलेल्या अंकांचे पैसेही बुडतात आणि छापखान्याचं बिल मात्र समोर उभं असतं. गेन्सने आणि त्याच्या आईने घरचे पैसे घालून 'मॅड' वाचवलं. आणि मग संपादक म्हणतो, अर्ध्याहून जास्त मालकी मला द्या! शिवाय अंक उशिरा होत होते. वितरणात एक तारीख चुकली की स्टॉलवरची जागा जाते, ती पुन्हा मिळवायला महिने लागतात.

कर्ट्झमनच्या पाठीशी तेव्हा 'प्लेबॉय'चा मालक ह्यू हेफ्नर उभा होता, दुसरीकडे जागा तयार आहे हे त्याला माहीत होतं, हेही सांगायला हवं.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने. त्या काळात चित्रकथांतलं सगळं काम प्रकाशकाच्या मालकीचं असायचं. लेखक-चित्रकाराला पानाचे पैसे मिळाले की संपलं. मूळ चित्रंसुद्धा त्याची नसत. अशा धंद्यात एखादा माणूस मालकी मागतो, ते केवळ हाव म्हणून सोडून देता येत नाही.

---

जर्सीची_मुक्ता

मी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सोसायटी ऑफ इलस्ट्रेटर्स'मध्ये कर्ट्झमनचं प्रदर्शन पाहिलं. त्याची काम करण्याची रीत तिथे डोळ्यांनी दिसते. तो नुसती संहिता लिहून चित्रकाराला देत नसे. आधी बारीक आराखडे, मग पारदर्शक कागदावर प्रत्येक चौकट: कोण कुठे उभा आहे, मान किती झुकलेली, संवादाचा फुगा कुठे संपतो. चित्रकाराने त्याबाहेर जायचं नाही. काही चित्रकारांना हे जाचक वाटायचं, आणि का ते समजतं. पण त्याच्या त्या कच्च्या रेषांत एवढी गती आहे की पूर्ण झालेल्या पानापेक्षा मला त्याच जास्त आवडल्या. धावणारा माणूस तीन-चार जाड फटकाऱ्यांत, आणि तो खरंच धावतो.

---

पायथॉनप्रेमी_नाशिक

पुढचा भाग मी सांगू का? हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

हेफ्नरने काढून दिलेलं 'ट्रम्प' (पत्त्यांतला हुकूम, १९५७ चं मासिक) दोनच अंक टिकलं. उत्तम कागद, रंगीत छपाई, ५० सेंट किंमत. पण हेफ्नर स्वतःच आर्थिक अडचणीत आला आणि त्याने ते थांबवलं. मग कर्ट्झमन, एल्डर, जॅफी, अर्नोल्ड रॉथ वगैरे चित्रकारांनी स्वतःच्या खिशातून 'हंबग' काढलं. मालक चित्रकारच. आकार छोटा असल्याने स्टॉलवर ते दिसायचंच नाही. ११ अंकांत बंद, १९५८.

त्यानंतर १९६० मध्ये प्रकाशक जेम्स वॉरनसाठी 'हेल्प!' हे मासिक. पैसे फारच कमी. म्हणून छायाचित्रांवर संवाद चिकटवून कथा करायच्या, जुन्या सिनेमांच्या फोटोंना नव्या ओळी द्यायच्या. सुरुवातीला तिथे साहाय्यक होती ग्लोरिया स्टायनम, जी पुढे स्त्रीवादी चळवळीचा चेहरा झाली. नंतर त्या जागी मिनेसोटात जन्मलेला, लॉस एंजेलिसच्या कॉलेजातून आलेला एक मुलगा, कॉलेजच्या विनोदी मासिकाचा संपादक: टेरी गिलियम. तो कर्ट्झमनचा एवढा भक्त की त्याच्याजवळ काम करायचं म्हणून न्यूयॉर्कला आला.

आता योग बघा. १९६४ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम न्यूयॉर्कला आला होता. त्यातला एक उंच नट 'हेल्प!'च्या छायाचित्रकथेसाठी गिलियमने बोलावला. बाहुलीच्या प्रेमात पडलेल्या गृहस्थाची भूमिका. तो नट म्हणजे जॉन क्लीझ. पुढे गिलियम लंडनला गेला तेव्हा याच ओळखीतून त्याला टीव्हीचं दार उघडलं, आणि १९६९ मध्ये क्लीझसोबतचा 'मॉन्टी पायथॉन' हा ब्रिटिश विनोदी गट. एका कफल्लक मासिकाने हे घडवलं!

---

शाईचा_डाग

नाशिककर, मनापासून आभार. 'हेल्प!'बद्दल आणखी एक. रॉबर्ट क्रम्ब, गिल्बर्ट शेल्टन या तरुण चित्रकारांची कामं तिथे लवकर छापली गेली. क्रम्बचं फ्रिट्झ मांजर १९६५ मध्ये तिथे आलं. क्रम्ब 'हेल्प!'मध्ये नोकरी करायला न्यूयॉर्कला पोहोचला तोवर मासिक बंद व्हायला आलं होतं. दोन-तीन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोत भूमिगत (म्हणजे मोठ्या प्रकाशकांच्या बाहेर छापलेल्या) चित्रकथांची जी लाट उठली तिच्यातले कितीतरी जण कर्ट्झमनचे वाचक होते. प्रत्येक मासिक बुडत होतं, पण त्यात हात घातलेली माणसं पुढे जात होती.

---

वसुधा_ताम्हणकाठ

सगळं वाचलं. एका गोष्टीवर मौन दिसतंय म्हणून लिहिते. १९६२ ते १९८८, सव्वीस वर्षं, हा माणूस 'प्लेबॉय'साठी 'लिटल अ‍ॅनी फॅनी' करत होता. आयुष्यातलं सगळ्यात दीर्घ काम तेच. भोळी, भरदार बांध्याची तरुणी, आणि दर भागात तिचे कपडे उतरतात. चित्रं एल्डरने अप्रतिम रंगवली आहेत, मान्य. पण ज्याने युद्धाचं खोटं फाडलं, जाहिरातीचं खोटं फाडलं, त्याने बाईकडे बघण्याच्या बाजारू नजरेचं खोटं फाडायचं सोडून तीच नजर विकली. १९५९ च्या 'जंगल बुक' (किपलिंगचं नव्हे, कर्ट्झमनचं स्वतःचं चित्रकथांचं पुस्तक) यात तो हेच उलट करत होता: मासिकाच्या कचेरीतले पुरुष तिथल्या बायकांशी कसे वागतात, आणि एक आदर्शवादी तरुण त्यांच्यात राहून कसा त्यांच्यासारखाच होत जातो, ही त्यातली कथा आजही झोंबते. म्हणजे त्याला दिसत होतं. दिसत असून तो तिकडे गेला, याचं मला दुःख आहे.

---

शाईचा_डाग

वसुधाताई, या भागाचा बचाव मला करायचा नाही. 'हेल्प!'मधल्या एका विडंबनात कर्ट्झमन-एल्डरने आर्चीच्या पात्रांना हेफ्नरच्या जीवनशैलीत नेऊन बसवलं होतं. ते हेफ्नरला आवडलं आणि त्यातून पुढे अ‍ॅनी जन्मली. दुसरीकडे आर्चीच्या कंपनीने दावा ठोकला आणि त्या कथेचे हक्कच तडजोडीत गमवावे लागले. एक मासिक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि नियमित, चांगला पैसा एकाच दारातून येत होता. हेफ्नर त्या कथांवर बारीक हात फिरवायचा. 'मॅड'मध्ये ज्याच्या आराखड्याबाहेर कुणी रेघ मारू शकत नव्हतं, तो इथे दुसऱ्याच्या टिपणांनुसार पुन्हा पुन्हा बदल करत बसायचा. तुम्ही जे दुःख म्हणालात तेच मलाही होतं, आणि 'जंगल बुक'चा तुमचा दाखला अगदी नेमका आहे. ते पुस्तक तेव्हा खपलं असतं तर कदाचित तो तिकडे गेलाच नसता.

---

गॉलवासी

कुणी गोसिनीचं नाव घेतलं नाही! १९४० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये कर्ट्झमन, एल्डर आणि चार्ल्स स्टर्न यांचा छोटा स्टुडिओ होता. तिथे एक बेकार फ्रेंच तरुण येऊन बसायचा, काम करायचा. तो रेने गोसिनी. फ्रान्सला परतल्यावर १९५९ मध्ये त्याने उदेर्झोबरोबर अ‍ॅस्टेरिक्स सुरू केला, आणि पुढे 'पिलोत' हे साप्ताहिकही संपादित केलं. अ‍ॅस्टेरिक्स आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी वाचला असेल! इतिहासाचा बारीक अभ्यास करून त्यावर आजचा विनोद चढवायचा, ही गोसिनीची रीत मला कर्ट्झमनच्या रीतीची सख्खी वाटते.

---

रानवारा

गॉलवासी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. खूप छान.

शाईचा_डाग, युद्धकथांबद्दलचं तुमचं म्हणणं आता पटतंय. आधी मला ते ओढून-ताणून जुळवलेलं वाटलं होतं. पण काल 'सुपरड्युपरमॅन' पुन्हा वाचताना जाणवलं, त्यात महाबलीच्या मारामारीने शहराची कशी नासधूस होते ते सविस्तर दाखवलंय. मूळ चित्रकथांत ते कुणी दाखवत नव्हतं. शेवटच्या वर्षांबद्दलही लिहा ना.

---

शाईचा_डाग

लिहितो. १९७३ पासून तो न्यूयॉर्कच्या 'स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स'मध्ये व्यंगचित्रकला शिकवायचा. १९८० च्या दशकात गेन्सशी समेट होऊन एल्डरबरोबर 'मॅड'मध्ये पुन्हा थोडं काम केलं. १९८८ पासून अमेरिकेत चित्रकथांसाठी 'हार्वी पुरस्कार' सुरू झाले, ते त्याच्याच नावाचे, त्याच्या हयातीत. शेवटी कंपवाताने हात चालेना. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी यकृताच्या कर्करोगाने तो गेला. वय ६८.

ज्यांना वाचायचंय त्यांनी 'मॅड'पासून सुरू करू नये असं मी म्हणेन. 'फँटाग्राफिक्स'ने त्याच्या युद्धकथांचा खंड काढला आहे, 'हंबग'चे सगळे अंकही दोन खंडांत आले आहेत. आधी इम्जिनची कथा वाचा, चौकटींचे आकार बघत वाचा: झटापटीत त्या कशा बदलत जातात, पाण्याखालचा हात किती चौकटींत तसाच राहतो. मग लगेच 'मिकी रोडंट' घ्या. जर्सीची_मुक्ता म्हणतात त्या कच्च्या रेषा पाहायच्या असतील तर 'जंगल बुक', कारण तिथे मध्ये दुसरा चित्रकार नाही, करड्या छटांत सगळं त्याच्याच हाताचं आहे.

---

मुद्रणमित्र

'जंगल बुक' माझ्याकडे आहे, नवी आवृत्ती. पुण्यात कुणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचायला देईन.